समोरची खुर्ची

कोर्टात त्यांना सगळे मसुदे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. दावा असो, नोटीस असो की माफीनामा, त्यांच्या हातून निघालेल्या कागदात समोरच्या वकिलाला बोट घालायला जागा मिळत नसे, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. त्यांच्या भागीदाराचं नाव कर्णा. सभेच्या मैदानात खांबाला बांधतात तो कर्णा. तो न्यायाधीशांसमोर उभा राहिला की खाली चहाच्या टपरीपर्यंत आवाज पोहोचे आणि टपरीवाला गिऱ्हाइकांना सांगे, "लागला कर्णा."

दोघांनी एकदमच सनद घेतली होती आणि एका छापखान्याच्या वर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत दोन टेबलं टाकली होती. खालची यंत्रं सुरू झाली की टेबलावरचा चष्मा सरकत सरकत कडेला येई. कामाची वाटणी कोणी बसून केली नाही, ती होऊन गेली. चारचौघांत बोलायची वेळ आली की मसुद्यांचा घसा कोरडा पडे, आणि कर्ण्याला दोन पानांपलीकडे वाचायचा कंटाळा. तेव्हा एकाने लिहायचं, दुसऱ्याने बोलायचं. व्यवस्था चांगली होती. फक्त लिहिलेलं कोणी ऐकत नाही आणि बोललेलं सगळे ऐकतात, ही गोष्ट वाटणीच्या वेळी मसुद्यांच्या लक्षात आली नाही.

ती लक्षात आली बस कामगारांच्या दाव्यात. संप केला म्हणून आगारातल्या बऱ्याच चालक-वाहकांना एका फटक्यात काढून टाकलं होतं. मसुद्यांनी महिनोन्‌महिने खपून कागद उभा केला, कर्ण्याने तो कोर्टात गर्जून सांगितला आणि दावा जिंकला. बाहेर आल्याबरोबर कामगारांनी कर्ण्याला खांद्यावर घेतलं. ओढाताणीत कोट फाटेल म्हणून त्याने तो काढून वरूनच मसुद्यांकडे फेकला. शेजारी उभा असलेला एक वाहक मसुद्यांना आपुलकीने म्हणाला, "नीट धरा हं, साहेबांचा कोट आहे."

त्या दिवशी पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कधी पुरतं थांबलं नाही. ज्याला औषध नाही अशा दुखण्याची माणसाला सवय होते, तशी त्यांनाही झाली.

त्याच कामगारांनी कर्ण्याला नगरपालिकेत निवडून दिलं. मग तो विधानसभेला उभा राहिला. एकदा पडला, दुसऱ्यांदाही पडला आणि तिसऱ्या वेळी आला. त्याचा पक्ष मात्र सत्तेवर कधी आलाच नाही. पक्षातली वजनदार मंडळी एकेक करून पलीकडे गेली, मंत्री झाली, त्यांच्या गाड्यांवर दिवे लागले. कर्ण्यालाही बोलावणी आली, पण तो हलला नाही. सरकारी बाकांवर बसलं की हळू बोलावं लागतं, ते आपल्याला जमायचं नाही, असं तो हसत सांगे. असा जागच्या जागी टिकून राहता राहता एक दिवस तो विरोधी पक्षनेता झाला. सरकारी बंगला मिळाला, गाडी मिळाली, दारात शिपाई आला.

मसुदे घरी म्हणाले, "रांगेतले पुढचे निघून गेले की मागचा पुढे येतोच. त्यात कर्तृत्व ते काय?"

"मग तुम्ही का नाही उभे राहिलात रांगेत?" बायकोने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती कपड्यांच्या घड्या घालू लागली.

ती कर्ण्याला सवत म्हणे. विधानसभेचं कामकाज टीव्हीवर लागलं की स्वयंपाकघरातून हाक येई, "या, तुमची सवत बोलतेय." मसुदे म्हणत, अगं सवत झाली तर तुझी होईल. ती म्हणे, माझी होतीच, आता तुमचीही झाली, कारण बघताना दात तुम्ही खाता.

छापखान्यावरच्या खोलीत पाटी दोघांच्या नावाची राहिली. लोक जिना चढून येत, कर्ण्याच्या रिकाम्या टेबलाकडे बघत आणि विचारत, ते कधी येणार? ते येणार नाहीत, असं कळलं की अर्धे परत जात. उरलेल्यांची भाडेकरारांची, मृत्युपत्रांची, शेजाऱ्याच्या भिंतीची कामं मसुदे करत. पोट भरत होतं. भूक मात्र वेगळीच होती.

असं असूनही मसुदे मोडले नाहीत, याचं कारण एक खुर्ची होती.

सुरुवातीच्या दिवसांपासून दोघांचा एक रिवाज होता. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी कर्णा आपला सगळा युक्तिवाद खोलीत उभा राहून करी आणि मसुदे अशिलाच्या खुर्चीत बसून विरुद्ध पक्षाचे वकील होत. त्या खुर्चीत दयामाया नसे. कर्ण्याच्या बोलण्यात जिथे फट दिसेल तिथे ते पाचर मारत आणि शेवटी कर्णा घामाघूम होऊन म्हणे, बस, आता उद्याचा वकील यापुढे पोरकट वाटेल. याला दोघे समोरची खुर्ची म्हणत. कर्णा आमदार झाला तरी ही रीत त्याने सोडली नाही. प्रत्येक अधिवेशनाआधी बंगल्यावरून गाडी येई, मसुदे मागच्या सीटवर बसून जात, आणि बंगल्यातल्या मधल्या खोलीत कधी अर्थमंत्री, कधी महसूलमंत्री होत. घरीदारी ज्यांचा आवाज निघत नसे ते तिथे विरोधी पक्षनेत्याला गप्प करून सोडत. पुढे सभागृहात खरा मंत्री बोलायला उठला की ते टीव्हीसमोर मान हलवत: याच्यापेक्षा मी बरा होतो.

त्या खुर्चीत बसल्यावर त्यांचं एक ठरलेलं काम असे, ते म्हणजे कर्ण्याची एक खोड पकडायची. ती खोड अस्सल वकिली होती. आमच्या अशिलाने भिंत पाडलीच नाही. पाडली असं वादाकरता मान्य केलं, तरी ती त्याच्याच जागेत होती, असं कोर्टात रोज म्हणतात. न्यायाधीशांना त्यात काही वावगं वाटत नाही, कारण वादाकरता मान्य करणं म्हणजे मान्य करणं नव्हे. पण सभागृहात न्यायाधीश बसत नाहीत. तिथे 'मान्य' एवढाच शब्द उचलतात आणि तेवढाच सकाळी छापून येतो. कर्ण्याच्या जिभेवर हे वाक्य इतकं बसलं होतं की कागदावर नसलं तरी भाषणाच्या भरात ते उगवायचंच. प्रत्येक वेळी ते तोंडातून निघताच मसुदे चमच्याने पेला वाजवत. दोन-तीनदा पेला वाजला की जीभ ताळ्यावर येई. हे दोघांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याबद्दल त्यांच्यात कधी बोलणंच झालं नाही.

मग एका अधिवेशनाच्या तोंडावर मसुद्यांचा घसा बसला. आवाज अजिबात निघेना. गाडी तर दाराशी आलेली. त्यांची मुलगी नुकतीच सनद घेऊन बापाच्या हाताखाली काम शिकत होती. मसुद्यांनी मोठेपणाने खूण करून सांगितलं, आज तू जाऊन बस, तुलाही थोडं कळेल.

ती परत आली ती गाल लाल करून. काका दोन वेळा निरुत्तर झाले, असं तिने आईला सांगितलं. नंतर कर्ण्याचा फोन आला. मसुद्यांना बोलता येत नव्हतं म्हणून ते नुसतं ऐकत राहिले, आणि कर्णा तिकडून खदाखदा हसत होता. अरे, तुझ्या पोरीने मला धुतला, म्हणत होता. तू निदान चहाला तरी थांबतोस, ही थांबतच नाही.

पुढच्या अधिवेशनाला गाडी आली तेव्हा मसुदे कोट चढवून तयार होते. चालक दार उघडून अदबीने उभा राहिला आणि त्याने विचारलं, "ताई निघाल्या का?"

त्यांनी कोट उतरवला, खुंटीला लावला आणि वर्तमानपत्र उघडलं. बायकोने ते पाहिलं, पण त्या दिवशी ती सवतीबद्दल काही बोलली नाही.

इतकी वर्षं कर्ण्याचा हेवा करणं सोपं होतं. तो परका होता. पोटच्या पोरीचा हेवा करायचा म्हणजे काय करायचं, हे मसुद्यांना कळेना. ती जेवताना बंगल्यातल्या गोष्टी सांगू लागली की ते मध्येच मीठ मागत. तिने काढलेल्या मसुद्यांत ते स्वल्पविराम दुरुस्त करू लागले. कोणी तिची स्तुती केली की म्हणत, हो, हुशार आहे, पण महसुलाचं अजून तिला काही कळत नाही. आणि दर वेळी मनाशी एकच हिशेब मांडत: ती कधीतरी चुकेल, मग गाडी पुन्हा माझ्यासाठी येईल.

ती वेळ बस आगारांच्या विधेयकाने आणली. शहरांतल्या जुन्या आगारांच्या मोक्याच्या जागा एका खाजगी कंपनीला कित्येक वर्षांच्या कराराने द्यायचं सरकारने ठरवलं होतं. ज्यांनी कर्ण्याला खांद्यावर घेतलं होतं त्यांच्याच पायाखालची ती जमीन होती. मतदानात आपण हरणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. विरोधी पक्षात असलेल्याला ते नेहमीच ठाऊक असतं. पण हे भाषण असं झालं पाहिजे की सरकारला जिंकूनही तोंड दाखवायला जागा राहू नये, असं तो सगळ्यांना सांगत होता.

मुलगी आठवडाभर त्याच कामात होती. आदल्या दिवशी दुपारी ती घरात येरझाऱ्या घालत कर्ण्याचं भाषण स्वतःशी मोठ्याने म्हणून बघत होती. मसुदे शेजारच्या खोलीत पुस्तक चाळत होते आणि कान भिंतीपलीकडे होते. मुद्दे चांगले होते. क्रम चांगला होता. तिसरा मुद्दा कराराच्या कायदेशीरपणाचा होता आणि तो ऐकताच मसुद्यांना कळलं की कर्णा इथे घसरणार. इथे कागदावर ते वाक्य नाही, पण त्याच्या जिभेवर ते येणारच. करार बेकायदा आहे, आणि कायदेशीर आहे असं वादाकरता मान्य केलं तरी, अशीच ती वाट जाते. मुलीला ते खटकणं शक्य नव्हतं. ती वकील होती. तिनेही ते वाक्य वडिलांच्याच मसुद्यांत वाचून पाठ केलं होतं. सरावात कर्णा ते बोलला असेल आणि तिने मान डोलावली असेल.

ती दारात आली. "बाबा, एकदा ऐकता का? काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय."

पेल्याची गोष्ट सांगायला किती वेळ लागला असता? एक घोट पाणी प्यायला लागतो तेवढा. मसुद्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही.

"तू आहेस ना आता. तुमचं तुम्ही बघा."

ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी टीव्हीसमोर मसुदे एकटेच बसले. कर्णा उभा राहिला आणि पहिल्या दोन मुद्द्यांत त्याने सभागृह हलवलं. सरकारी बाकांवरची कुजबुज बंद पडली. परिवहनमंत्री सारखे चष्मा पुसत होते. तिसरा मुद्दा आला. कर्ण्याने हात उंचावला, आवाज चढवला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, हा करार कायदेशीर आहे, हे वादाकरता आपण मान्य करू..."

पुढचं 'तरी' त्याच्या तोंडातच राहिलं. मंत्री स्प्रिंग सुटावी तसे उठले. विरोधी पक्षनेत्यांनी, जे स्वतः नामांकित वकील आहेत, करार कायदेशीर असल्याचं मान्य केलं आहे, याची कामकाजात नोंद व्हावी, असं ते म्हणाले. सरकारी बाकांवर तोंडात मारल्यासारखी बसलेली माणसं एकदम बाकं बडवू लागली. कर्णा ओरडून खुलासा करत होता, पण इतक्या गोंगाटात कर्णाही ऐकू जात नाही.

मसुद्यांना सगळ्यात आधी बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर उन्हातून आल्यावर पंख्याखाली बसल्यासारखं वाटलं. मग संध्याकाळी दार वाजलं आणि मुलगी आत आली.

ती रडत नव्हती. तिने चपला नीट जोडून ठेवल्या आणि आईला सांगितलं की पक्षाच्या लोकांनी तिला बाहेर गाठलं. नेत्यांची तयारी एका शिकाऊ पोरीकडे दिली म्हणून आज पक्षाचं नाक कापलं गेलं, असं तिच्या तोंडावर म्हणाले. काही आमदार कर्ण्याचा राजीनामा मागताहेत. "सरावात ते दोनदा बोलले होते," ती म्हणाली, "मला पकडायला हवं होतं. मला ते दिसलंच नाही. मला यातलं काही येत नाही, आई." मसुदे हातातलं वर्तमानपत्र उलटसुलट करत राहिले.

सकाळी गाडी आली. चालकाने खालूनच हाक मारली, "साहेब, तुम्हाला बोलावलंय." मुलीने ते ऐकलं आणि ती आतल्या खोलीत गेली. मसुद्यांनी खुंटीवरचा कोट घेतला. जिना उतरताना पाय हलके पडत होते, आणि ते हलके पडताहेत याची लाजही वाटत होती.

मधल्या खोलीत कर्णा एकटा बसला होता. दाढी केलेली नव्हती. दुपारी सभागृहात खुलासा करायचा होता आणि तो फसला तर संध्याकाळी पक्षाच्या बैठकीत पद जाणार हे उघड होतं. त्याने मसुद्यांना बघून समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस. पोरगी हुशार आहे, पण कच्ची आहे. चूक माझी, मीच तुला सोडलं. हे काम तुझंच आहे, दुसऱ्याचं नाही."

हेच शब्द ऐकायला मसुदे आयुष्यभर थांबले होते. ते बसले. खुर्ची तीच होती. समोर पाण्याचा पेला होता, बशीत चमचा होता. कर्ण्याने घसा साफ केला आणि खुलासा म्हणायला सुरुवात केली. मसुदे मंत्री झाले. त्यांनी पहिला वार केला, तो बरोबर लागला. दुसराही लागला. मग कर्णा म्हणाला की हे वाक्य अननुभवी सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटलं, त्याबद्दल दिलगीर आहे.

मसुदे थांबले. या वाक्यावर मंत्री काय म्हणेल हे त्यांना आठवेना. आतल्या खोलीत गेलेल्या मुलीची पाठ तेवढी डोळ्यांसमोर आली.

"हे काढ," ते म्हणाले.

"का? तिला त्रास होणार नाही, नाव कुठे घेतोय?"

"तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. तू तिसऱ्या मुद्द्यावर घसरणार हे मला आदल्या दिवशी भिंतीपलीकडून कळलं होतं. ती विचारायला आली होती. मी सांगितलं नाही."

कर्ण्याने खुलाशाचा कागद खाली ठेवला. त्याला गप्प झालेलं मसुद्यांनी याच खोलीत कितीदा पाहिलं होतं, पण असं नाही.

"का रे?"

"ही खुर्ची हवी होती."

"माझं पद जाईल, एवढंही मनात आलं नाही?"

"आलं. थोडं बरंही वाटलं." मसुद्यांचा घसा कोरडा पडला, तरी ते बोलले. "तू खांद्यावर बसायचास, मी खाली. खुर्ची तेवढी माझी होती. ती तू माझ्याच घरात दुसऱ्याला दिलीस."

कर्ण्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. तो भडकेल असं मसुद्यांना वाटलं. भडकला असता तर बरंच झालं असतं. पण तो उठला, दार उघडून चालकाला म्हणाला, ताईंना घेऊन ये, आणि मसुद्यांकडे न बघता म्हणाला, "ऊठ त्या खुर्चीवरून."

मसुदे बाहेर अर्ज घेऊन आलेल्या लोकांच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मुलगी आली. बापाला बाकावर बघून ती बिचकली, पण शिपाई घाई करत होता, ती आत गेली. दार लागलं. कर्णा तिला सगळं हळू आवाजात सांगत असणार, कारण आतून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कर्ण्याचा आवाज लागला आणि त्यावर तिचा. ती अडवत होती, टोचत होती, हसत नव्हती. एका जागी कर्णा 'मान्य' म्हणाला असावा, कारण पेला असा खणकन वाजला की शिपाई दचकला. मसुद्यांच्या मनात आलं, दोन शब्द आधी वाजवायला हवा होता.

खुलासा दुपारी झाला. कोर्टात मी हे वाक्य आयुष्यभर बोललो आणि एकाही न्यायाधीशाचा गैरसमज झाला नाही, तो मान मंत्रिमहोदयांचा, असं कर्ण्याने सुरुवातीलाच म्हटलं आणि सरकारी बाकांवरही काही जण हसले. मग त्याने करारातली कलमं एकेक करून वाचली. मंत्र्यांना त्या दिवशी उठायला जागा मिळाली नाही. पद वाचलं, निदान अधिवेशन संपेपर्यंत. सहकाऱ्यांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही, भागीदाराबद्दलही नाही.

बापलेक बसने घरी आले. बस अर्धी रिकामी होती, तरी ती वेगळ्या सीटवर बसली. उतरायचा थांबा जवळ आला तेव्हा उठून त्यांच्याजवळ येऊन दांडा धरून उभी राहिली.

"काकांनी सांगितलं मला," ती म्हणाली.

"हं."

"तुम्ही माझ्यावर जळता, बाबा?"

मसुद्यांनी खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायला जागा होती, पण जीव थकला होता. "हो," ते म्हणाले.

तिने मान हलवली, जणू एखाद्या साक्षीदाराने अपेक्षित जबाब दिला. "मला काही दिवस तुमच्याशी बोलायचं नाही. पण सोमवारी विधेयकावर मतदान आहे, त्याआधी काकांचं शेवटचं भाषण आहे, आणि त्यांच्या आणखी कुठल्या खोडी तुम्हाला माहीत आहेत ते मला हवंय. उद्या सकाळी. तेवढं काम म्हणून बोलू. आईला सांगा, चहा दोन टेबलांवर वेगवेगळा द्यायचा."

बस थांबली आणि ती पुढे उतरून चालू लागली. मसुदे तिच्या मागून सावकाश चालत होते. कर्ण्याच्या खोडी त्यांना पुष्कळ ठाऊक होत्या. रागावला की तो आकडे वाढवून सांगतो, टाळ्या पडल्या की चौथा मुद्दा गाळतो, विरोधक हसला की त्याच्याशीच बोलत बसतो. सकाळी कशापासून सुरुवात करायची याची ते मनाशी जुळणी करू लागले. सगळ्या सांगायच्या की एखादी आपल्यापाशी राहू द्यायची, हे मात्र घराचं दार येईपर्यंत त्यांचं ठरलं नव्हतं.